जुन्या घराच्या लाकडी खिडक्या आणि खिडकीखालचा दगड: दुरुस्ती कुठून सुरू करावी?

ओसरी
नमस्कार मंडळी. जुन्या घराच्या खिडक्यांचं काम हाती घेते आहे. सुरुवात कुठून करावी यावर इथल्या जाणत्यांचं मत हवं आहे.

भिंती दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या, चांगल्या जाड. खिडक्या लाकडी. प्रत्येकीला आत उघडणाऱ्या दोन झडपा, झडपेत वर काचेची तावदानं आणि खाली लाकडी फळी. बाहेरच्या अंगाला उभे लोखंडी गज आहेत आणि त्यांची खालची टोकं खिडकीखालच्या दगडातच रोवलेली आहेत. दगड अख्खा, एकसंध, भिंतीच्या थोडा पुढे आलेला.

काही खिडक्यांच्या चौकटी खालच्या कोपऱ्यांत मऊ पडल्या आहेत. काचेभोवतीची लांबी, म्हणजे पुट्टी, ठिकठिकाणी सुटली आहे, एकदोन काचा हलतात. एका दगडाला गजापासून थेट कडेपर्यंत तडा गेला आहे. दुसऱ्या दगडावर आधी कुणीतरी सिमेंट थापून ठेवलंय आणि नेमक्या त्याच खिडकीखाली भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागलाय.

मला दोन सल्ले मिळालेत. पहिला असा की सगळं काढून अ‍ॅल्युमिनियम लावा आणि खाली पॉलिशचा ग्रॅनाइट टाका. दुसरा असा की भेगा भरा, रंग मारा, अजून बरीच वर्षं निघतील. दोन्ही पटत नाहीत. या खिडक्या मला ठेवायच्या आहेत, पण नीट.

पटाशी
ठेवा. रंग आणि लांबी आणायला मात्र आत्ताच जाऊ नका.

आधी टोच्या घ्या आणि प्रत्येक चौकट टोचून बघा. खालचे दोन कोपरे, खालच्या आडव्या लाकडाचा वरचा पृष्ठभाग, आणि झडपेची खालची पट्टी जिथे उभ्या पट्टीला मिळते तो सांधा. टोक सहज आत गेलं तर लाकूड गेलंय. टणक लागलं आणि बारीक चीर दिसली तर ती नुसती सुकल्याची चीर आहे, तिला हात लावायची गरज नाही. वरून रंगाचे पोपडे बघून बरेच जण चौकटच बाद ठरवतात. प्रत्यक्षात सडका भाग बहुतेक वेळा खालच्या वीतभरात असतो आणि वरचं सगळं लाकूड ठणठणीत निघतं.

जुन्या चौकटींत बहुधा झाडाच्या गाभ्याचं, सावकाश वाढलेलं, दाट रेषांचं लाकूड असतं. आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच लाकडात कडेचा फिका भाग मिसळलेला असतो आणि बुरशी आधी तिथेच लागते. त्यामुळे नवी चौकट जुनीपेक्षा जास्त टिकेल हे गृहीत धरू नका.

टोचून झालं की कोणत्या खिडक्या सडल्यात आणि कोणत्या नाहीत याचा घराच्या आराखड्यावर खुणा करून नकाशा करा. त्यावरून पाणी कुठून येतं ते कळेल.

चुनखडी
पटाशींनी पाण्याचं नाव काढलं, बरं झालं. मी दगडाच्या बाजूने लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या चौकटीचा आजार चौकटीत नसून तिच्या खाली आहे.

खिडकीखालचा दगड शोभेचा नसतो. काचेवरून आणि झडपेवरून खाली येणारं सगळं पाणी गोळा करून भिंतीपासून लांब टाकणं हे त्याचं काम. त्यासाठी त्याच्यात तीन गोष्टी असतात. एक, वरच्या पृष्ठभागाला बाहेरच्या दिशेने ढाळ. दोन, भिंतीच्या पुढे आलेला भाग, साधारण ४ ते ५ सेंटिमीटर. आणि तिसरी गोष्ट कुणी वाकून बघत नाही: पुढे आलेल्या भागाच्या पोटाला, पुढच्या कडेपासून दोनेक सेंटिमीटर आत कोरलेली एक लांब खाच. पाणी दगडाच्या कडेवरून खाली उतरलं की तिथेच थेंब होऊन पडत नाही, ते दगडाच्या पोटाला चिकटून मागे भिंतीकडे सरकतं. ही खाच त्याची वाट तोडते आणि थेंब तिथेच खाली पडतो. काही जण हिला पाणतोड म्हणतात, काही नुसतंच ड्रिप.

आता घराबाहेर जा, खिडकीखाली बसा आणि वर बघा. खाच आहे का? असल्यास ती रंगाने, सिमेंटने, कोळ्याच्या जाळ्यांनी किंवा शेवाळाने बुजली आहे का? मग तांब्याभर पाणी दगडावर हळू ओता आणि ते कुठे जातं ते पाहा. बुजलेली खाच हे खिडकीखालच्या ओलीचं फार नेहमीचं कारण आहे. आणि ती मोकळी करायला एक बोथट लोखंडी सळई आणि थोडा धीर एवढंच लागतं.

सिमेंटबद्दल स्पष्टच लिहितो. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, जोसेफ अ‍ॅस्पडिनचं. त्याआधीची बहुतेक पक्की दगडी बांधकामं आणि त्यानंतरचीही पुष्कळ चुन्यातली आहेत. अशी भिंत पाणी थोडं घेते आणि चुन्याच्या दर्जांमधून, म्हणजे दगडांमधल्या उघड्या सांध्यांतून, ते हवेत सोडते. तुमच्या दगडावर थापलेलं सिमेंट दगडापेक्षा कडक आहे आणि पाण्याला बाहेर पडू देत नाही. त्याच्या नि दगडाच्या मध्ये केसासारखी फट पडते, पाणी तिच्यातून आत शिरतं, वरून सुकायला वाव नसतो, म्हणून ते खाली भिंतीत उतरतं. तुमचा लोणा तिथून आला असण्याची दाट शक्यता आहे.

कोयंडा
मी वेगळं मत मांडतो. जुन्या लाकडी खिडक्यांचा मला अनुभव आहे. वारा फटींतून येतो, धूळ येते, दर थोड्या वर्षांनी रंग. घर राहण्यासाठी असतं. चांगल्या दर्जाची नवी खिडकी, दुहेरी काच, रबरी पट्टी, आणि पुढे बरीच वर्षं शांतता. जुन्याचं प्रेम समजतं, पण घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांना गार वाऱ्याचा त्रास होतो, त्याचं काय?

उजेड
कोयंडा, वाऱ्याचा मुद्दा खरा आहे आणि तो सोडवायलाच हवा. पण त्यासाठी खिडकी काढायला लागत नाही.

एकेरी काचेतून उष्णता जास्त जाते हे बरोबर. पण स्कॉटलंडमध्ये ऐतिहासिक इमारती सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेसाठी ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने जुन्या लाकडी खिडकीवर मोजमापं घेतली होती. काचेच्या आतल्या बाजूची भरीव लाकडी दारं नुसती बंद केल्यावर काचेतून जाणारी उष्णता निम्म्याच्या आसपास कमी झाली, आणि आतून दुसरं तावदान बसवल्यावर ६० टक्क्यांहून जास्त. हे आतलं तावदान जुन्या चौकटीला धक्का न लावता बसतं आणि हवं तेव्हा काढता येतं. तुमच्या झडपा आत उघडतात, त्यामुळे चौकटीच्या आत खोली किती आहे ते मात्र मोजावं लागेल.

बाकी बराचसा वारा काचेतून येतच नाही. तो झडप आणि चौकट यांच्यातल्या फटीतून येतो. बिजागऱ्या सैल झाल्याने झडप खाली बसलेली असते आणि वरच्या कोपऱ्यात फट पडते. बिजागरी नीट बसवून, रंगाचे जुने थर खरवडून, कडेला खाच पाडून त्यात ब्रशची किंवा रबराची बारीक पट्टी बसवली की फरक लगेच हाताला कळतो.

दुहेरी काचेच्या बंद युनिटची कडेची सीलं कालांतराने जातात, आत धूसर ओल जमते, आणि मग पूर्ण युनिट बदलावं लागतं. लाकडी खिडकीचा एकेक भाग वेगळा दुरुस्त होतो. मला ती गोष्ट फार मोलाची वाटते.

रसायन
रंग खरवडण्याचा विषय निघाला म्हणून मध्येच येतो. कृपया हा प्रतिसाद वाचल्याशिवाय कुणी पॉलिश पेपर हातात घेऊ नका.

जुन्या घरातल्या रंगाच्या खालच्या थरांत शिसं असण्याची दाट शक्यता असते. लाकडाच्या रंगात पांढरं शिसं, म्हणजे सफेदा, फार काळ वापरला गेला. घराच्या आतल्या रंगकामात तो वापरू नये असा आंतरराष्ट्रीय करार १९२१ साली जिनिव्हात झाला होता, आणि तरीही अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी यायला १९७८ साल उजाडलं. त्यामुळे घर किती जुनं आहे यावर विसंबू नका. रंगातलं शिसं तपासायचे साधे संच मिळतात, शंका असेल तर प्रयोगशाळेत नमुना द्या.

कोरडं घासणं पूर्ण टाळा. ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाते आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. ओलं करून घासा, खाली जाड प्लास्टिक अंथरा, चांगल्या दर्जाचा धुळीचा मास्क घाला, काम झालं की ओल्या फडक्याने पुसा. झाडू फिरवू नका. उघड्या ज्योतीने रंग जाळणं तर अजिबात नको. हीट गनसाठी अमेरिकेतला नियम ११०० अंश फॅरनहाइटची मर्यादा घालतो, म्हणजे सुमारे ५९३ सेल्सिअस. त्याच्या बरंच खाली ठेवूनही रंग सुटतो. काचेजवळ तीही वापरू नका, जुनी काच तडकते.

गर्भवती बाई आणि लहान मुलं त्या दिवसांत त्या खोलीत नकोत.

ओसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. रसायन, तुमचा प्रतिसाद घरी सगळ्यांना वाचून दाखवला.

पटाशींनी सांगितल्याप्रमाणे नकाशा केला आणि चुनखडींनी सांगितल्याप्रमाणे खाली बसून वर पाहिलं. ज्या खिडक्यांच्या चौकटी सडल्यात त्यांच्या सगळ्यांच्या दगडाखालची खाच बुजलेली आहे, बहुतेक ठिकाणी रंगाच्या थरांनी. ज्यांची खाच मोकळी आहे त्यांची चौकट धड आहे. सिमेंटवाल्या दगडावर पाणी ओतलं तर ते पुढे न जाता मागे चौकटीकडे येऊन थांबतं, कारण सिमेंटचा ढाळच उलटा दिलाय.

आता तीन प्रश्न. सिमेंट कसं काढू? तडा गेलेला दगड वाचेल का? आणि सडलेला कोपरा इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या राळेने, भरावा की लाकडाने?

चुनखडी
नकाशा केलात ही फार मोठी गोष्ट झाली. कारण हाती लागलंय, आता दगड.

सिमेंट काढताना बारीक छिन्नी, लहान हातोडा, आणि घाव नेहमी सिमेंटवर, दगडाकडे न झुकणारा. ग्राइंडर चालवायचा मोह होतो, कारण सोपं वाटतं. पण ग्राइंडरची पाती क्षणात दगडात उतरते आणि तो चरा कायमचा राहतो. सिमेंट काही ठिकाणी फार घट्ट बसलं असेल आणि काढताना दगडाचा पापुद्रा येत असेल, तर तो तुकडा तसाच ठेवा. नुसता ढाळ सुधारा.

तड्याकडे येऊ. गज दगडात रोवताना बहुधा भोक पाडून त्यात वितळलेलं शिसं ओतलेलं असतं. शिसं मऊ राहतं, गजाच्या हालचालीला जागा देतं आणि पाणी अडवतं. कालांतराने ते सैल होतं, किंवा मध्ये कुणीतरी ते काढून सिमेंट भरतं, मग पाणी गजाच्या मुळाशी जमतं. लोखंड गंजलं की गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट होतं. एवढा दाब दगड सोसत नाही, तो तडकतो. तुमचा तडा गजापासूनच निघालाय असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे कारण हेच असणार.

त्यामुळे तडा भरण्याआधी गजाचं मूळ बघावं लागेल. गज काढता आला तर उत्तम. त्याचं गंजलेलं टोक कापून तिथे स्टेनलेस स्टीलचा तुकडा वेल्ड करा, ३१६ ग्रेडचा असावा, विशेषतः हवा खारी असेल तर. बाकी गजाचा गंज तारेच्या ब्रशने काढून गंजरोधक प्रायमर लावा. मग दगडातलं भोक साफ करून गज पुन्हा बसवा. शिसं ओतायचं असेल तर ते जाणत्या कारागिराकडूनच, आणि भोक पूर्ण कोरडं असल्याशिवाय नाही. ओल्या भोकात वितळलेलं शिसं ओतलं तर वाफेने ते उडून अंगावर येतं.

आता तडा. दोन्ही तुकडे आपापल्या जागी असतील आणि फट बारीक असेल तर दगड काढायची गरज नाही. फट पाण्याने धुवा, आतली धूळ निघू द्या, आणि चुन्याचं पातळ मिश्रण पिचकारीने आत सोडा. तुकडा हलत असेल तर पोटाकडून तिरपी भोकं पाडून त्यात ६ मिलिमीटरच्या, आटे पाडलेल्या स्टेनलेस सळया बसवून दोन्ही भाग शिवावे लागतात. हे काम पाथरवटाकडून करून घ्या. सळई पृष्ठभागापासून पुरेशी आत राहिली पाहिजे.

एखादा कोपरा उडाला असेल तर त्याच जातीच्या दगडाचा तुकडा बसवता येतो. फुटलेल्या जागी चौकोनी कडांची खाच पाडायची आणि तुकडा त्या मापाचा घडवायचा. तुकड्याचा दगड मूळ दगडापेक्षा कडक नको.

दर्जा
चुनखडींच्या लिखाणाला थोडी भर. चुना कोणता, हा प्रश्न पुढे येणारच.

साधा चुना, म्हणजे कळीचा चुना विरवून केलेला, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हळूहळू घट्ट होतो, बाहेरून आत. खिडकीखालच्या दगडासारख्या सतत भिजणाऱ्या जागी तो फार सावकाश बसतो. तिथे जलीय चुना बरा, तो पाण्याशीच अभिक्रिया करून धरतो. चिकणमातीचा अंश असलेल्या चुनखडीपासून असा चुना होतो हे इंग्लिश अभियंते जॉन स्मीटन यांनी एडीस्टोनच्या दीपगृहासाठी १७५० च्या दशकात प्रयोग करून दाखवलं. आज तो नैसर्गिक जलीय चुना म्हणून २, ३.५ आणि ५ अशा ताकदीच्या श्रेणींत मिळतो. मऊ दगडाला २, मध्यम कठीण दगडाला ३.५. पाच नंबर अगदी उघड्यावरच्या, कठीण दगडासाठी. जास्त ताकदीचा घेतला म्हणजे जास्त चांगलं असं इथे होत नाही. दर्जातला माल दगडापेक्षा मऊ असला की झीज मालाची होते आणि तो पुन्हा भरता येतो. जलीय चुना मिळत नसेल तर साध्या चुन्यात चांगल्या भाजलेल्या विटेची बारीक सुरखी घातल्याने तोच गुण काही प्रमाणात येतो.

प्रमाणाबाबत एक जुनी चाचणी आहे आणि मला ती कुठल्याही तक्त्यापेक्षा भरवशाची वाटते. कोरडी वाळू एका भांड्यात काठोकाठ भरा. दुसऱ्या मापाने पाणी घेऊन वाळूच्या वर येईपर्यंत ओता. जितकं पाणी मावलं तितकी वाळूच्या कणांतली पोकळी, आणि तेवढाच चुना हवा. चांगल्या मिश्र कणांच्या वाळूत हे सुमारे एकतृतीयांश निघतं, म्हणूनच एकास तीन हे प्रमाण रूढ झालं. वाळू धुतलेली, मिश्र आकाराची, हातात खरखरीत लागणारी घ्या.

भरण्याआधी दर्जा मोकळी करून भिजवा. भरल्यावर काही दिवस ओलं गोणपाट लटकवून ठेवा, थेट ऊन आणि जोराचा वारा लागू देऊ नका. चुन्यात काम करताना डोळ्याला चष्मा आणि हातात मोजे हवेतच. कळीचा चुना पाण्यात टाकल्यावर उकळतो.

पटाशी
इपॉक्सी की लाकूड, यावर माझं मत ठाम आहे. चौकटीचा सडलेला खालचा भाग कापा आणि नवं लाकूड जोडा.

सडका भाग संपतो त्याच्या पुढे दोनतीन बोटं जाऊन, निरोगी लाकडात कापायचं. कापाची रेघ उभ्या लाकडाला आडवी सरळ घेऊ नका. तिरका सांधा घ्या आणि त्याचा ढाळ बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे पाणी सांध्यात न थांबता बाहेर उतरेल. नव्या तुकड्याच्या लाकडाच्या रेषा जुन्याच्या रेषांच्याच दिशेने असू द्या, जात शक्यतो तीच, आणि लाकूड पूर्ण सुकलेलं. ओलावा मोजायचं यंत्र मिळत असेल तर दोन्ही लाकडं २० टक्क्यांच्या खाली असल्याची खात्री करा. त्यापेक्षा जास्त ओलावा टिकून राहिला की बुरशीला वाट मोकळी. नव्या तुकड्याची टोकं, म्हणजे आडवी कापलेली तोंडं, रंगाआधी तेल किंवा प्रायमर पाजून भरून घ्या. पाणी लाकडात सगळ्यात वेगाने तिथूनच शिरतं.

झडप सैल झाली असेल तर तिला लोखंडी कोन ठोकू नका. खाच-कुसू सांध्यातली लाकडी खुंटी काढा, सांधा हलवून मोकळा करा, जुना सरस साफ करा, पुन्हा चिकटवून नवी खुंटी ठोका. झडप परत काटकोनात येते.

कोयंडा
इपॉक्सीला एकदम बाद करू नये असं वाटतं. बारीक कोरीव भाग असतो, तावदानाच्या पातळ पट्ट्या असतात, तिथे लाकूड जोडायला पकडच मिळत नाही.

रसायन
कोयंडा म्हणतात ते रास्त आहे. लाकडासाठीचं लवचीक इपॉक्सी लहान, मर्यादित जागी चालतं, एका अटीवर: त्या जागेचं लाकूड पूर्ण कोरडं आहे आणि पाण्याचा स्रोत बंद झालाय. ओल्या लाकडावर थापलं तर ते ओल आत कोंडतं आणि त्याच्या मागे सड चालूच राहते, बाहेरून काही वर्षं कळतही नाही. खालचा कोपरा सतत भिजणारा असल्याने तिथे पटाशींचाच मार्ग बरा. पातळ पट्टीतली छोटी खोक इपॉक्सीने भरा.

जोडाआधी आजूबाजूच्या चांगल्या लाकडाला बोरॉनचं द्रावण पाजता येतं. बुरशी आणि वाळवी दोन्हीवर ते काम करतं, पण पाण्यात विरघळतं, त्यामुळे वरून रंगाचं आवरण हवंच.

झरोका
माझ्या घरी काही खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या आहेत, चौकटीत दोऱ्याला लोखंडी वजनं लटकलेली. एकीचा दोर तुटलाय आणि तावदान वर थांबत नाही. यासाठी वेगळी चर्चा सुरू करू का?

पटाशी
इथेच सांगतो, थोडक्यात आहे. चौकटीच्या उभ्या बाजूत आतून एक काढता येणारी छोटी फळी असते, तिच्यातून वजन बाहेर येतं. दोर सुती, वळलेला, मूळ जाडीचाच घ्या. नवा दोर आधी वजन लटकवून ताणून ठेवा, नाहीतर नंतर लांबतो. तावदान काचेसकट काट्यावर ठेवून वजन करा. वरच्या तावदानाच्या दोन्ही वजनांची बेरीज तावदानापेक्षा किंचित जास्त आणि खालच्याची किंचित कमी ठेवतात, म्हणजे दोन्ही आपोआप बंद राहतात. काच बदलली असेल तर वजनही बदलावं लागतं, हे बहुतेक वेळा राहून जातं.

उजेड
ओसरी, काचांबद्दल लिहायचं राहिलं. तुमची हलणारी काच फेकू नका.

तिच्यातून बघा, बाहेरचं दृश्य किंचित लाटेसारखं दिसतं का? आत बारीक बुडबुडे आहेत का? मग ती हाताने फुंकलेली किंवा ओढून काढलेली जुनी काच असण्याची शक्यता आहे. आजची सपाट काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून करतात, ती पद्धत पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली. जुन्या काचेतला उजेड वेगळा असतो. तो हलतो. नव्या सपाट काचेत तो येत नाही. आणि काच शतकानुशतकं खाली वाहते म्हणून खालची कड जाड होते, ही समजूत खरी नाही. जुन्या काचेची जाडी बनवतानाच असमान असायची.

कडक झालेली लांबी छिन्नीने उडवू नका, काच जाते. लांबी मऊ करायला इन्फ्रारेड दिव्याची सावकाश ऊब किंवा वाफ देतात, पण काचेवर झाकण धरून, थोडी थोडी. जिथे सुटत नाही तिथे उद्या पुन्हा.

नवी लांबी घरी करता येते: खडूची बारीक पूड आणि जवसाचं तेल, कणीक तिंबावी तशी मळून, हाताला चिकटेनाशी होईपर्यंत. बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, थोडं मिसळलं तर लवकर सुकते. चौकटीच्या खाचेला आधी तेलाचा किंवा प्रायमरचा हात द्या, कोरडं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं आणि लांबी भुसभुशीत होते. काच बसवण्याआधी खाचेत लांबीचा पातळ थर घाला आणि काच त्यात हळू दाबून बसवा. मग बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, ठोकून बाहेरून तिरकी लांबी. तिच्यावर साय धरायला हवामानाप्रमाणे आठवडा-दोन आठवडे लागतात. मग रंग. रंगाची कड काचेवर दोनेक मिलिमीटर चढू द्या, म्हणजे लांबी आणि काच यांच्या मधली रेघ बुजते आणि पाणी आत शिरत नाही. ही दोन मिलिमीटर सरळ ओढायला हात स्थिर लागतो, पण घाई करू नका, सगळ्या कामात हीच मला सर्वांत सुंदर वाटते.

रसायन
उजेड, एक भर. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नका. तेल हवेशी क्रिया करून तापतं आणि गोळ्यातल्या चिंध्या आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

ओसरी
हे सगळं उतरवून घेतलं. आणखी एक विचारते. चौकट आणि दगडी भिंत यांच्या मधल्या फटीत सध्या सिलिकॉन आहे, काही ठिकाणी सुटलेलं. ते पुन्हा भरू का? आणि दगडावर काळे डाग आहेत. एकाने अ‍ॅसिडने धुवायला सांगितलंय.

चुनखडी
अ‍ॅसिड नको. चुनखडकाला तर ते सरळ खातं, इतर दगडांतही त्याचे क्षार मागे राहतात आणि नंतर पृष्ठभाग फुटून येतो. वाळूचा मारा करणारी यंत्रंही नको, दगडाची वरची घट्ट साल त्याने जाते. शेवाळ असेल तर मऊ ब्रश, स्वच्छ पाणी, आणि काम कोरड्या दिवशी. क्षारांचा पांढरा थर असेल तर आधी कोरडा ब्रश मारून तो गोळा करा. धुतलात तर क्षार पुन्हा दगडात उतरतील. मग कागदाचा लगदा किंवा माती डिस्टिल्ड पाण्यात कालवून त्याचा लेप लावा. सुकताना तो क्षार ओढून घेतो. मात्र भिंतीतली ओल थांबलेली असेल तरच याचा उपयोग. काळा डाग निघाला नाही तर राहू द्या.

सिलिकॉन काढा. फट खोल असेल तर आत तागाची दोरी दाबून वर चुन्याची लांबट दर्ज भरा, बाहेरच्या बाजूने ढाळ देऊन. चुन्यात तागाचे बारीक तुकडे मिसळले की ती चौकटीच्या हालचालीसोबत सहज तडकत नाही. दगड आणि चौकटीचं खालचं लाकूड यांच्यातला सांधा मात्र गच्च बंद करू नका. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला तिथे थोडी वाट हवी.

पटाशी
आणि झडपा आत उघडतात ना, मग खालच्या पट्टीवर बाहेरून एक तिरकी लाकडी पट्टी, पोटाला खाच असलेली, बसवलेली असावी. तुमच्या झडपांवर तिचे खिळ्यांचे जुने डाग दिसतात का बघा. आत उघडणाऱ्या झडपेच्या बुडाला पाणी सगळ्यात आधी गाठतं.

ओसरी
आत्ताच पाहून आले. दोन झडपांवर ती पट्टी शिल्लक आहे, बाकीच्यांवर फक्त भोकं आहेत. म्हणजे ती नव्याने करायची, मूळ नमुना हाताशी आहेच.

एक दगड मात्र बदलावाच लागेल, तुकडे तुकडे होतोय. हा वालुकाश्म आहे, थर स्पष्ट दिसतात. नवा मागवताना थरांबद्दल काही सांगायचं असतं का?

चुनखडी
असतं, आणि हे न सांगितल्याने नवे दगडही लवकर जातात. भिंतीतला दगड त्याच्या मूळ थरांवर, म्हणजे थर आडवे ठेवून बसवतात. पण खिडकीखालचा पुढे आलेला दगड वरून उघडा असतो, त्यात थर आडवे ठेवले तर वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. त्याचे थर उभे आणि भिंतीच्या दर्शनी पृष्ठभागाला काटकोनात यावेत. थर भिंतीला समांतर उभे आले तर पुढची कड सोलून निघते. अग्निजन्य दगडात असे थर नसतात, वालुकाश्मात आणि चुनखडकात मात्र हे पाळलंच पाहिजे.

मापाच्या कागदावर थरांची दिशा बाणाने काढून द्या आणि पोटातली खाचही त्यातच दाखवा. दोन्ही टोकांना ती कडेपर्यंत न नेता थोडी आधी थांबवायची, म्हणजे पाणी कडेने भिंतीकडे वळत नाही.

ओसरी
नकाशात बाण आणि खाच दोन्ही काढते. नवा दगड येईपर्यंत बाकीच्या खिडक्यांखालच्या खाचा मोकळ्या करून घेते. सिमेंटवाल्या दगडाचा फोटो, खाली भिंतीचा लोणा दिसेल असा, आज रात्री इथे टाकते. सिमेंटखाली दगड कितपत शाबूत असेल त्याचा अंदाज सांगा.